झोपलेल्याचा कान

ती. आईस,

वाकून नमस्कार. हे पत्र मनातल्या मनात वाच, नेहमीसारखं मोठ्याने नको.

मी बरी आहे, खोकला गेला. तुझे गुडघे काय म्हणतात? पाच महिने डोळे न उघडलेल्या बाबांना एकटीने कुशीवर वळवत जाऊ नकोस, काकूला हाक मार.

माझं काम तेच, गाणाऱ्या पक्ष्यांचं. मुठीएवढा पक्षी, डोक्यात केसासारखी तार. त्याचंच गाणं त्याला ऐकवायचं आणि मेंदूत काय उमटतं ते पडद्यावर बघायचं. जागेपणी रेघ जवळजवळ सपाट असते. काल तो पिसांत चोच खुपसून झोपला होता. गाणं लावलं, तर रेघ थयथय नाचायला लागली. पापणीसुद्धा हलली नव्हती गं. मला वाटलं मशीन बिघडलं. सर म्हणाले, "बिघडलं नाही. झोपेत हे असंच होतं."

"माणसाचंही?" मी विचारलं.

"पक्ष्यावरून माणसाचं सांगता येत नाही," एवढंच म्हणाले ते.

तेव्हापासून एकच आठवतंय. गेल्या रविवारी मी फोनवर म्हटलं होतं, "बाबांचे हाल बघवत नाहीत, आता सुटले तर बरं." तू त्यांचं अंग पुसत होतीस, हात ओले म्हणून फोन स्पीकरवर टाकला होतास.

कुठे ठेवला होतास, ते खरं कळव. त्यांच्या उशीवर नव्हता ना?

तुझी आणि बाबांची,
धाकटी