बोमडिला पडलं त्या संध्याकाळी

वणी,
१४ फेब्रुवारी १९६५

प्रिय रूथ,

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. तीनदा उत्तर लिहायला बसलो आणि तीनदा कागद फाडला. तुझी आई म्हणाली, "पोरीले एवढं काय लिहून राह्यले?" परवापर्यंत तिलाही काही माहीत नव्हतं.

लीकाका गेले त्याला आता दीड वर्ष होईल. बाजाराच्या तोंडाशी असलेल्या दुकानात त्यांनी तुझी दाढ काढली होती आणि तू त्यांच्या बोटाला कडकडून चावली होतीस. वीस वर्षं ते या गावाचे दात बसवत होते. तानाबाईशी त्यांचं लग्न आपल्याच चर्चमध्ये लागलं. रविवारी उपासनेत ते आपल्या मागच्या बाकावर बसून वऱ्हाडी हेलात गीत म्हणायचे आणि मंडळी गालात हसायची. त्यांच्यात चीनचं म्हणून नाव आणि चेहरा, एवढंच उरलं होतं. चीनशी लढाई पेटल्यावर लोकांना तेवढंच दिसलं.

तू तेव्हा नागपूरला नर्सिंगला होतीस. बासष्टच्या नोव्हेंबरात इथली हवा काय होती ते तुला ठाऊक नाही. आपल्या शाळेच्या भिंतीवर कुणीतरी कोळशानं लिहिलं, 'गोऱ्याच्या देवाचे, चिन्याचे सोयरे'. एका सभेत एक शिक्षक हसत हसत म्हणाला, "मास्तर, तुमची मंडळी नेमकी कोनाच्या बाजूनं हाय?" बेचाळीसला तिरंगा हातात धरून लाठ्या खाल्लेला माणूस मी. ते मला इतकं झोंबलं की दुसऱ्याच दिवशी मी फौजदाराकडे गेलो. कुणी बोलावलं नव्हतं, रूथ. हे नीट वाच. मी आपण होऊन गेलो.

सरहद्दीवरचं बोमडिला पडल्याची बातमी मी लीकाकांच्याच रेडिओवर ऐकली होती. ते रडले होते. "आपले पोट्टे मेले, मास्तर," म्हणाले. आपले! आणि मी जबानीत लिहून दिलं की बातमी ऐकून ली हसला. फौजदारानं मला खुर्ची दिली, चहा पाजला, 'असे देशभक्त पाहिजेत' म्हणाला. तो चहा मला गोड लागला.

तिसऱ्या दिवशी त्यांना नेलं. चौकीच्या पायरीवर तानाबाईनं माझा हात धरला. "तुमी तं त्यायले ओळखता. सायबाले सांगा नं." मी म्हणालो, बघतो. पुढे राजस्थानातल्या छावणीत ते तापानं गेले, तेव्हा पाळकांनी प्रार्थना करायला मलाच उभं केलं. मी केली. त्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर हातात घेतली आणि तीही गिळली.

तू लिहिलंस की या देशाची तुला लाज वाटते. निरपराध माणसाला छावणीत मरू दिल्याचा जबाब सरकारला द्यावा लागेल, देवापुढे तरी नक्कीच. पण खोटं बोल असं देशानं मला सांगितलं नव्हतं. देशावर माझं प्रेम होतं, आजही आहे. त्या दिवशी मात्र मी देशाचं नाव घेऊन स्वतःची कातडी वाचवली आणि प्रभूनं शेजारी म्हणून दिलेला माणूस पुढे लोटला. ख्रिस्ती माणसानं देशासाठी काय द्यावं, तर स्वतःला द्यावं. मी दुसऱ्याला दिलं.

तानाबाईचं सरकारजमा झालेलं घर परत मिळावं म्हणून तू अर्ज तयार केलास आणि लीकाकांच्या वर्तणुकीचा साक्षीदार म्हणून माझी सही मागितलीस, कारण 'बाबांच्या शब्दाला वणीत मान आहे'. त्या एका ओळीनं माझी झोप उडवली. परवा तुझ्या आईला सांगितलं आणि मग तानाबाईकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिचा हात थांबला. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मले कायले सांगता? कागदावर लिवा." लिहिलं. बासष्टची जबानी खोटी होती आणि ती माझी होती. अर्ज उद्या यवतमाळला कचेरीत मीच नेऊन देणार आहे. नोकरी जाईल, खटलाही होईल. तुला हे परक्याच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. मे महिन्याच्या सुट्टीत यायचं नसेल तर आईला वेगळं कळव. मी कारण विचारणार नाही.

तू म्हणू देशील तर तुझाच,
बाबा