एबीचा कप्पा

५ जानेवारी

रक्तपेढीतला पहिला दिवस! पांढरा कोट मिळाला, दोन मापं मोठा. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, असू दे बाईसाहेब, माणूस वाढतं आणि कपडा आटतो. घरात मीच पहिली ग्रॅज्युएट, म्हणून निकालाच्या दिवसापासून मी त्यांची बाईसाहेब झाले आहे. ते स्वतः तीस वर्षं काचेच्या कारखान्यात भट्टीसमोर उभे आहेत. त्यांना आणि आईला अक्षरओळख नाही. तरी माझी ही वही दिसली की हातात घेतात, हमखास उलटी धरतात आणि म्हणतात, काय मोत्यासारखं अक्षर आहे पोरीचं!

आमची पेढी म्हणजे रुग्णालयाच्या अंगणापलीकडची बैठी इमारत, चार खोल्यांची. पहिलीत दोन खाटा, तिथे रक्त घेतात. दुसरीत यंत्र. पिशवी त्यात गरगर फिरते आणि रक्ताचे थर होतात. वरचा पिवळा प्लाझ्मा गोठवला की वर्षभर टिकतो. प्लेटलेट पाचच दिवस, त्याही हलत्या ट्रेवर, किरकिऱ्या बाळाला झोके द्यावेत तशा. लाल पेशी पस्तीस दिवस. त्यांच्या पिशव्या तिसऱ्या खोलीतल्या फ्रीजमध्ये, गटागटाच्या कप्प्यांत. सगळ्यात खालचा कप्पा एबीचा. एबीच्या लाल पेशी एबीच्याच माणसाला चालतात आणि तशी माणसं शंभरात पाच-सात, त्यामुळे त्या कप्प्याला फारसं कुणी विचारत नाही. मी एबी आहे. बाबाही.

चौथ्या खोलीत वाफेवर चालणारं एक भलंमोठं भांडं आहे. मुदत संपलेल्या पिशव्या रोज सकाळी अकराला त्यात शिजवून नष्ट करतात. त्याला सगळे कुकर म्हणतात आणि तो चालवणाऱ्या म्हाताऱ्या मामांना कुकरमामा.

सुरुवात आपल्यापासून करावी म्हणून आजच रक्त दिलं. कुकरमामा दारातून म्हणाले, पोरी, राहू दे, इथलं कुणी देत नाही. मला जरा रागच आला. आचाऱ्याने स्वतःच्या हातचं खाऊ नये तशातली गत! मोठ्या बाई आमच्या प्रमुख, बावीस वर्षं इथेच आहेत. त्यांनी मामांकडे नुसतं बघितलं आणि मला म्हणाल्या, झोप, मूठ आवळ. माझ्या पिशवीवर तारीख पडली: ९ फेब्रुवारीपर्यंत.

९ जानेवारी

आज एक मुलगा वडिलांसाठी रक्त द्यायला आला होता. मोठ्या बाईंनी घेतलं, पण फ्रीजमध्ये ठेवलं आणि वडिलांना दुसऱ्याचं दिलं. मी कारण विचारलं. म्हणाल्या, बापलेकांचं रक्त एकमेकांना थेट द्यायचं नाही. परक्याच्या अंगात रक्त पाहुण्यासारखं राहतं. रक्ताच्या नात्यात ते मालक होऊन बसतं आणि घरधन्यालाच बाहेर काढतं. आठ-दहा दिवसांनी कातडी सोलवटते, तोंड सडतं, हाडातला मगज आटतो. वाचलेलं माणूस त्यांनी पाहिलेलं नाही.

वहीत लिहून ठेवलं. पुढे उपयोगी पडेल.

१३ जानेवारी

मला एक कल्पना सुचली आहे. माणूस रक्त देतो, बिस्कीट खातो आणि घरी जातो. पुढे त्या रक्ताचं काय झालं हे त्याला कधीच कळत नाही. मी दुपारच्या मोकळ्या तासात प्रत्येकाला फोन करणार. मोठ्या बाई हसल्या. म्हणाल्या, मोरीत पाणी ओतल्यावर ते कुठे गेलं बघायला कुणी खाली वाकत नाही. पण नाही म्हणाल्या नाहीत. एवढंच बजावलं की ज्यांच्या पिशव्या वाया गेल्या त्यांना फोन करायचा नाही.

एका टेलरला सांगितलं की तुमचं रक्त एका बाळंतिणीला गेलं. तो फोनवर रडला.

१८ जानेवारी

बाबांच्या कारखान्यात शिबिर! माझंच आयोजन. एकेचाळीस पिशव्या. भट्टीला न भिणारे बाबा सुईला एवढे घाबरतात हे आज कळलं. त्यांचे सोबती म्हणाले, मुलीपुढे तरी वाघ व्हा. डोळे मिटून झोपले आणि झाल्यावर म्हणाले, बस, एवढंच? आता पुन्हा तीन महिने देता येणार नाही म्हटल्यावर खट्टू झाले. रक्तदात्याचं कार्ड मला दोनदा वाचायला लावलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. २२ फेब्रुवारीपर्यंत मुदत.

निघताना म्हणाले, माझ्या रक्ताचा नंबर लागला की सांग हं.

२४ जानेवारी

वाया गेलेल्यांनाही फोन करायचं ठरवलं. खोटं बोलण्यापेक्षा माफी मागितलेली बरी. पहिला फोन एका ट्रकचालकाला. बायकोने उचलला. ते वारले. दुसरा एका परिचारिकेला. तीही वारली. योगायोग वाईट.

२७ जानेवारी

अकरा फोन. अकराही गेलेले.

मी तारखा विचारल्या. मग चौथ्या खोलीतल्या नोंदवहीशी ताडून पाहिल्या. ज्या दिवशी पिशवी कुकरमध्ये गेली, त्याच दिवशी. सकाळी, अकराच्या पुढे. धडधाकट माणसं. एकाची आई म्हणाली, आतून भाजतंय, आतून भाजतंय म्हणत गेला, अंगाला हात लावला तर चटका बसत होता.

ज्यांचं रक्त कुणाच्या अंगात गेलं, ते सगळे जिवंत आहेत. प्लाझ्मा वापरलेला उपयोगाचा नाही, परिचारिकेचा वापरला होता. लाल पेशीच लागतात.

मी शिकलेली मुलगी आहे. असं काही नसतं. मी उद्या पुन्हा तपासणार आहे.

३० जानेवारी

तपासलं. असतं.

आज एका चित्रकलेच्या शिक्षकांची पिशवी निघाली होती. दोन मुलींचा बाप. ती मी मामांच्या टोपलीतून काढून माझ्या कपाटात लपवली. अकरा वाजून गेले. फोन केला. शिक्षकांनी स्वतः उचलला, वर्ग चालू आहे म्हणाले, मागे पोरांचा गोंधळ ऐकू येत होता. मी हसतच सुटले.

२ फेब्रुवारी

कपाटात वास येतोय. पिशवी फुगली आहे, काळी पडली आहे.

फोन केला. त्यांच्या पत्नी बोलल्या. परवापासून पाय काळे पडलेत. बोटं गळून पडतायत, अंगाला असा वास की मुली खोलीत जात नाहीत. शुद्ध मात्र पूर्ण आहे. सगळं कळतंय त्यांना, म्हणाल्या. मागून ओरडणं ऐकू येत होतं. ते माणसाचं आहे हे कळायला मला वेळ लागला.

३ फेब्रुवारी

पिशवी मामांकडे नेली. ओतून बघितलंय, पोरी, पुरून बघितलंय, म्हणाले. सगळ्यात लवकर सुटका कुकरच करतो. म्हणून मी मोठी आच लावतो.

अकरा वाजता झाकण लागलं. सव्वाअकराला फोन. सुटले, म्हणाल्या त्यांच्या पत्नी.

मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. त्या डबा खात होत्या. म्हणाल्या, फ्रीज रिकामा ठेवला तर दिवसाला चार मरतात. भरून ठेवला तर आठवड्याला दोन. तू पदवीधर आहेस, तूच सांग. मग म्हणाल्या, बस, खाऊन घे.

माझ्या पिशवीचे सहा दिवस उरलेत.

६ फेब्रुवारी

एबीची मागणी नाही.

रुग्णवाहिकेचा आवाज आला की मी दारात जाते. आज हात जोडले. कुणाला तरी अपघात होऊ दे म्हणून. एबीचा असू दे. हे मी लिहिते आहे, मी.

९ फेब्रुवारी

दुपारी एक वाजता चिठ्ठी आली. एबी, एक पिशवी. शाळेतली मुलगी, ट्रकखाली आली होती. कप्प्यात माझी आणि मागे बाबांची. जिची मुदत आधी संपते ती आधी द्यायची, हा नियमच आहे. नियमच आहे. बाबांकडे तेरा दिवस आहेत अजून. मी माझी दिली.

चार वाजता मुलगी गेली.

रक्त मात्र तिच्या अंगात गेलेलं. वापरलेलं धरलं जाईल. संध्याकाळी पोटभर जेवले.

१० फेब्रुवारी

अकरा वाजले. काही झालं नाही. मी जिवंत आहे.

बाबांचा फोन. म्हणाले, बाईसाहेब, नंबर लागला का?

१६ फेब्रुवारी

एबीची मागणी आली. तेवढ्यात दुसऱ्या पेढीतून एबीची एक पिशवी आलेली, बाबांच्या आधी मुदत संपणारी. मोठ्या बाईंनी ती काढली. मी हात धरला त्यांचा. नियम, म्हणाल्या. परवा तुला बरा आठवला.

२० फेब्रुवारी

गेली! शस्त्रक्रियेसाठी बाबांची पिशवी गेली, मी स्वतः रुग्णालयात वरपर्यंत पोहोचवली—

वीस मिनिटांनी परत. रुग्णाने ऐनवेळी नकार दिला. पिशवी अजून गार होती.

बाबांनी आज कार्ड दुकानदाराला दाखवलं म्हणे.

२२ फेब्रुवारी

शेवटचा दिवस. मागणी नाही.

लेबलाला नख लावलं. एबी खरवडून ए लिहायचं, एवढंच. एच्या सात चिठ्ठ्या आहेत. ज्याला जाईल तो मरेल. मग बाबा वाचतील. अर्धं लेबल निघालं. पुन्हा चिकटवलं. वर अंगठा दाबून किती वेळ उभी होते—

मग सुचलं. मीही एबीच आहे.

२३ फेब्रुवारी, सकाळ

नऊपासून पहिल्या खोलीत. दार आतून लावलंय. सुई मीच टोचली. पिशवी खुंटीला. उजव्या हाताने लिहितेय.

रक्ताच्या नात्यात ते मालक होऊन बसतं. ९ जानेवारी, माझंच अक्षर.

साडेदहा. अर्धी राहिली आहे. मामा टोपली घेऊन दाराबाहेर उभे आहेत. ठोठावत नाहीत.

दहा पन्नास. संपली. बाबांना फोन केला. लागला नंबर, म्हटलं. एका मुलीला गेलं. ग्रॅज्युएट आहे. म्हणाले, मग वाया नाही गेलं!

अकरा वाजून दहा. पुन्हा केला. कामावर आहेत. ठणठणीत.

३ मार्च

ताप. तळहात लाल. मोठ्या बाईंनी पाहिलं, काय केलंस ते कळलं त्यांना. म्हणाल्या, हुशार आहेस. वाईट वाटलं त्यांना.

५ मार्च

वरच्या वॉर्डात. कातडी चादरीला चिकटते. तोंडात— बोलता येत नाही. जीभ हलत नाही. हरकत नाही. बाबा आहेत. पस्तीस दिवस नाहीत आता, पुष्कळ आहेत.

७ मार्च

आई-बाबा आले. बाबा ओळखलं नाही असं दोन क्षण बघत राहिले. मग म्हणाले, बाईसाहेब.

मोठ्या बाई आत आल्या. सांगतायत त्यांना. मुलीला रक्त लागतंय. घरच्यांनी बदली एक पिशवी द्यावी लागते. एबीचा कप्पा रिकामा आहे.

बाबा म्हणाले, एक का, दोन घ्या.

नाही. मी एबी, मला कुठल्याही गटाचं चालतं, बाबांचं तर देणारही नाहीत, ते खाली ठेवणार, खालच्या कप्प्यात— पस्तीस—

तीन महिने झाले नाहीत! बाबांनाच आठवलं. विचारलं त्यांनी. मोठ्या बाई म्हणाल्या, पोटच्या पोरीसाठी एवढ्या वेळेला चालवून घेऊ.

लिहिलं. अख्ख्या पानावर, मोठ्या अक्षरांत. बाबा रक्त देऊ नका. वही पुढे धरली. त्यांनी हातात घेतली. उलटी. आईला दाखवली. हात इतका कापतोय, म्हणाले, तरी बघ कसं मोत्यासारखं—

मोठ्या बाईंनी वाचलं. वही मिटून उशीखाली ठेवली. नीट.

गेले. बाही दुमडत. वही पुन्हा ओढून घेतली.

खिडकीतून दिसतंय. अंगण. बाबा पुढे, आई मागे. आता घाबरत नाहीत सुईला. पेढीच्या दारात कुकरमामा. मामा, तुम्हाला माहीत आहे. मामा, वर बघा. काचेवर मारतेय हात, काच लाल झाली— वर बघा—

बघितलं. मामांनी बघितलं वर. मान खाली घातली. बाजूला सरकले आणि बाबांसाठी दार