कानाच्या टोकाचं रक्त

प्रिय चेतन,

फोन केला असता तर तू दोन विनोद करून वेळ मारून नेली असतीस आणि मीही नेहमीसारखी विरघळले असते. म्हणून हे पत्र. विश्रांतवाडीहून वाघोलीला धाकट्या भावाला कुरियरनं पत्र धाडणारी बाई पुण्यात मी एकटीच असेन. असू दे.

आधी बातमी. भोपळ्या जिवंत आहे. रविवारी त्याला माझ्याकडे परत सोडताना तू म्हणालास, ऊन लागलंय, झोपेल. तो झोपला नव्हता रे, पडला होता. सकाळी पाहिलं तर हिरड्या पांढऱ्याफटक आणि लघवी कोऱ्या चहासारखी. माझा पहिला संशय आमच्या महिपतीकाकांवर गेला. सोसायटीचे चेअरमन. कुत्र्यांना वाचता येत नाही, मालकांना येत असावे, अशी पाटी लिफ्टमध्ये लावणारा माणूस विष घालायला मागेपुढे पाहणार नाही, असं मी रिक्षात बसेपर्यंत ठरवूनही टाकलं होतं.

डॉक्टर शेफालींनी विष नाही म्हणून सांगितलं. त्यांना गोचीडताप वाटत होता. पायातून रक्त घेऊन तपासायला पाठवलं, तर त्यात काहीच सापडलं नाही. मला हायसं वाटलं, थोडा रागही आला, कारण गोचिडीची गोळी मी दर महिन्याला न चुकता देते. पण बाईंचा त्या रिपोर्टवर विश्वास बसेना. हे जंतू मोठ्या शिरेत सापडतीलच असं नाही, बारीक केशवाहिन्यांत दडून बसतात, म्हणाल्या. मग त्यांनी कानाच्या टोकाला टोचून एक थेंब काचेवर पसरवला, रंगवला आणि मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. तांबड्या पेशींच्या आत इवलीशी कडी होती, हेच ते जंतू. याच पेशी फुटून त्याचं रक्त आटत चाललं होतं.

मग जंतूंची जात ओळखायला पीसीआर केली, कोविडात आपण नाकातून करून घ्यायचो तसलीच, फक्त रक्ताची. ही बारकी जात निघाली. हिच्यावर नेहमीचं इंजेक्शन पुरत नाही, दोन वेगळी औषधं द्यावी लागतात. एवढं समजावून बाईंनी सहज विचारलं, हा कुणाशी भांडतो का हो? मला हसू आलं. कुकरच्या शिट्टीला पलंगाखाली शिरणारा आमचा भोपळ्या, तो कुणाशी भांडणार? पण त्या हसल्या नाहीत. ही जात गोचिडीनं पसरते, तशी चावाचावीतूनही एका कुत्र्याच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जाते, असं त्यांनी सांगितलं. सलाइनसाठी पुढच्या पायाचे केस काढले तेव्हा खाली दातांच्या खुणा होत्या. काही जुन्या, काही ताज्या. कानामागेही होत्या.

तरी मी तुझीच बाजू घेतली. भावाकडे मोकळ्या प्लॉटवर पळतो, भटकी कुत्री असतील, म्हटलं. तेवढ्यात बाहेरच्या बाकावरचा एक दाढीवाला डोकावला आणि आनंदानं म्हणाला, "अरे, हा वाघोलीचा सुलतान ना?" सकाळपासून माझ्या हाकांना कानही न हलवणाऱ्या भोपळ्यानं मान वर केली. मी त्याला म्हटलं, "आपण कोण?" त्यानं माझा चेहरा बघितला, "नाही, नाही, माणूस... म्हणजे कुत्रा चुकला," असं पुटपुटला आणि स्वतःचं लंगडणारं कुत्रं घेऊन डॉक्टरांना न दाखवताच निघून गेला.

तेव्हापासून मी एकेक गोष्ट उलटून बघतेय. शनिवारी त्याला तुझ्याकडे न्यायचास आणि दर रविवारी शाम्पूनं आंघोळ घालून आणायचास. मी सगळ्यांना कौतुकानं सांगायचे, ज्यानं स्वतःची बाइक कधी धुतली नाही, तो कुत्र्याला न्हाऊ घालतो! काय धुऊन काढत होतास, चेतन? रिपोर्टात तुझं नाव नाही, हे मी स्वतःला दहादा बजावलं. हडपसरच्या मंडईत क्रेटखाली अडकलेलं पिल्लू शर्टात गुंडाळून आणणारा माझा भाऊ कुत्री झुंजवणार नाही, हेही बजावलं. पण आता मला स्वतःचंच पटत नाही. मला तुझी भीती वाटते आणि तशी वाटते याची लाज वाटते.

पत्र भांडायला लिहिलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, ज्यांच्याशी तो भिडला त्या प्रत्येक कुत्र्याच्या रक्तात हे असू शकतं. वरून धडधाकट दिसतील आणि एक दिवस अशीच पडतील. त्यांची तपासणी करायची तर मालकांची नावं हवीत, आणि ती फक्त तुला ठाऊक आहेत. काल दवाखान्यात कुणीतरी एक पिल्लू आणलं. त्याला पाहून भोपळ्या सलाइनसकट उठून उभा राहिला. पाय लटपटत होते, तरी उभा. मी बस म्हटलं, डॉक्टरांनी म्हटलं, तो बसेना. पिल्लू बाहेर नेईपर्यंत तो माझ्याकडे नाही, दाराकडे बघत होता, तू येऊन थांब म्हणशील म्हणून. सोमवारी मी पोलिसांत जाणार आहे. त्याआधी ये. नावं सांग, आणि त्याला एकदा बस म्हण.

तुझीच, अजूनही,
नम्रताताई