लोखंडाचा उंचवटा

१० फेब्रु., सोम.
जर्नलकडून मेल. एक पेपर तपासायला पाठवलाय. लेखकांत शेवटचं नाव क. सरांचं. माझे पीएचडीचे गाइड. चौदा वर्षांनी हातात सापडलेत.
तपासते म्हणून कळवलं. जुना संबंध आहे हे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

११ फेब्रु.
तीनदा वाचला. दावा: एका अणुकेंद्रकाची आजवर न दिसलेली ऊर्जापातळी सापडली. पुरावा एकच, गॅमा किरणांच्या आलेखातला बारीक उंचवटा.
तो मी ओळखते. डिटेक्टरखालच्या लोखंडी स्टँडवर न्यूट्रॉन आपटले की नेमका तिथेच येतो. स्टँड अजून तोच दिसतो. मीच करून घेतला होता, रबाळ्याच्या वर्कशॉपमध्ये दोन दिवस उभी राहून. लोखंडाचं सगळं मोजून सरांना लिहून दिलं होतं. श्रेया पोटात होती तेव्हा. बाळंतपणाच्या रजेवर गेले आणि त्या कामाचा पेपर छापून आला. माझं नाव नाही, लोखंडाचा भागही नाही. शेवटी आभारात 'तांत्रिक मदत'.
विचारलं तर म्हणाले, "अगं, तू आता घर बघणार. तुला नावाचा काय उपयोग?"
आवाजही चढवला नाही त्यांनी. तेच जास्त...

१३ फेब्रु.
दोन रस्ते. चूक दाखवून नापास करायचं. किंवा लिहायचं, 'उत्तम, छापा.' मग कुणीतरी जगासमोर लोखंड दाखवेल, सर निवृत्तीचे हार घालून बसलेले असताना.
दुसरा आवडतो. लाज वाटत नाही.

१६ फेब्रु., रवि.
नावड्याला आईकडे. बोंबील साफ करता करता म्हणाली, "अजून त्याचाच नाव घेतंस. जेव आदी."
दादा म्हणे, "रिटायर होतोय ना तो? दे सोडून." हा स्वतः बांधावरून काकाशी नऊ वर्षं बोलत नाही.

१८ फेब्रु.
पेपरवरचं पहिलं नाव रुबिना मुकादम. शोधलं. पनवेलकडची, पीएचडीचं शेवटचं वर्ष. काम सगळं तिचंच असणार. पेपर बुडाला तर थीसिसही.
एवढे दिवस हे नाव मी वाचलंच नव्हतं. सर दिसले आणि बाकी काही दिसेना.

२० फेब्रु.
'छापा' खोडलं. तिच्यासाठी? अर्धं. अर्धं यासाठी की त्या फजितीत माझा हात सरांना कधी कळलाच नसता.
रिपोर्ट चार ओळींचा. लोखंडी स्टँड काढून पुन्हा मोजा. निनावी पाठवायची पद्धत. मी खाली पूर्ण नाव टाकलं, माहेरचं. त्यांनी वगळलं होतं तेच.

३ मार्च
सरांचा फोन. कँटीनच्या जिन्यात घेतला.
"मनीषा, किती वर्षांनी. तुझा मुद्दा असेलही बरोबर. असं करू, सुधारित पेपरवर तुझंही नाव घालू. तू फक्त ते स्टँडचं ताणू नकोस."
"विचार करते, सर."
तोंडातून 'सर' गेलं याचा राग दुपारभर. चौदा वर्षं जे हवं होतं ते आता लाच म्हणून.
नंतर दोनदा फोन आला. वाजू दिला. फार बरं वाटलं.

२१ मार्च
रुबिनाचा मेल, खासगी पत्त्यावरून. रिपोर्टवर माझं नाव वाचलेलं. "मॅडम, अॅल्युमिनियमचा स्टँड लावून मोजलं. उंचवटा गेला. सर म्हणतात हे दाखवायचं नाही, जुनंच पाठवायचं. मी काय करू?" सोबत आलेख.
सपाट. कितीतरी वेळ बघत बसले.
हा मेल त्यांच्या संस्थेच्या, गैरप्रकार तपासणाऱ्या समितीकडे पाठवला की सर संपले. मेल कुणी लिहिला तेही त्यांना कळेल. थीसिसवर सही अजून त्यांचीच लागते.

२२ मार्च, शनि.
उत्तर लिहायला बसले. 'तुझी वही जपून ठेव, रोजची तारीख घालत जा.' इथवर ठीक. पुढे लिहिलं, 'आता मी सांगते तसंच कर.'
सर असंच म्हणायचे. खोडलं. फोन केला.
घाबरलेली होती. "मॅडम, मी तुमच्याकडे ऐरोलीला येऊ का? घरी अब्बांना काही बोलले नाही."
म्हटलं, ये. उद्या अकराला येतेय.
समितीच्या अध्यक्षांचा पत्ता काढून ठेवलाय. तिला सांगायचं की नाही, ठरलेलं नाही.