बिग मेकन, मी आणि द्राक्षबाग

४ जानेवारी
आज आयुष्य बदललं. (याआधी दोनदा बदललं होतं, शेळीपालन आणि शेअर मार्केट. पण ते मनापासून नव्हतं.) तासगावात दोस्त विश्वजीतच्या मोबाइल शॉपीत चार्जर बदलायला गेलो, तर त्याच्या नव्या स्पीकरवर बिग मेकन लागलेला. अमेरिकेतला ट्रॅप रॅपर. अटलांटा, जॉर्जिया. म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेचा. आपण महाराष्ट्राच्या दक्षिणेचे. तिथंच पटलं.
शब्द एक कळला नाही, पण छातीत धाडधाड व्हायला लागलं. विश्वजीत म्हणाला, तो बास हाय. मी म्हणालो, नाही, हे आतनं येतंय.
नाव ठरवलं: यंग नानासो. आई म्हणाली, एकुणतीस संपत आली, यंग कुठनं? आईला मार्केटिंग कळत नाही.

५ जानेवारी, पहाटे ५
बिग मेकन दुपारी बारापर्यंत झोपतो. मुलाखतीत सांगितलंय. शरीराला आराम, डोक्याला गाणी. आजपासून आपणही तसंच.

५ जानेवारी, पहाटे ५.२०
आबांनी पांघरूण ओढलं. बागेवर भुरी रोग आलाय, फवारणीला चल म्हणाले. आबा, म्हणजे वडील, मिलिटरीतनं सुभेदार होऊन आलेत, त्यांच्याशी चर्चा होत नसते. उद्यापासून.

९ जानेवारी
अभ्यास. बिग मेकनच्या मागं अख्खी दुनिया का लागलीय? उत्तर सापडलं: गडी घाई करत नाही. बीट कधीचा येऊन थांबलेला असतो, हा मागनं निवांत येतो. लग्नाला उशिरा येऊन पहिल्या पंगतीत बसणाऱ्या पावण्यासारखा. अर्धं नाकातनं बोलतो. आणि दोन ओळींच्या मधे स्वतःच स्वतःला दाद देतो. ‘एय्!’ ‘स्कर्र!’ ‘ब्र्र्र!’ याला अ‍ॅड-लिब म्हणतात. दुसरा कोणी कौतुक करायची वाट बघत बसायचं नाही. मला हे लय आवडलं. आमच्या घरात कौतुक व्हायला माणसाला मरावं लागतं.

१० जानेवारी
बहीण साक्षी सांगलीहून आली. इंजिनिअरिंगला आहे, इंग्रजी येतं. तिला गाण्याचा अर्थ विचारला, ही चूक झाली. तिनं आईसमोरच सांगितलं की ट्रॅप म्हणजे गर्द बनवायचं आणि विकायचं घर, आणि अख्खं गाणं स्वयंपाकघरात पांढरी पावडर मोजण्यावर आहे. आई म्हणाली, आन् ह्यो तुजा गुरू? मी साक्षीला कॉलेजच्या अटेंडन्सचं विचारलं. विषय बदलला.
नंतर विचार केला. आमच्या बेदाणा शेडवर पांढऱ्या पावडरीची पोती असतात की. कार्बोनेट. त्याच्या पाण्यात द्राक्षं बुडवल्याशिवाय बेदाणा होत नाही. म्हणजे मी जन्मापासून ट्रॅपमधेच आहे! अंगावर काटा आला.

१४ जानेवारी, संक्रांत
लूकचं काम सुरू. गळ्यात चेन पाहिजे. सोन्याची आईनं दिली नाही, म्हणून झोपाळ्याची पितळी साखळी काढली. भारी दिसते, पण मान पुढं येते. आबा न बघता झोपाळ्यावर बसायला गेले.
बिग मेकनचे दात सोन्याचे आहेत. मी चॉकलेटचा सोनेरी कागद लावला. फोटो झकास आला. तेवढ्यात शेजारच्या बनुबाई काकूंनी तिळगूळ दिला. तिळगूळ गेला, त्याच्याबरोबर दातही गेले. साक्षी म्हणाली, येतील बाहेर.

१९ जानेवारी
घरात प्रॅक्टिसला बंदी आल्यामुळे बागेत गेलो. द्राक्षात साखर भरायला लागलीय, त्यामुळं वातावरण चांगलं. वेलींच्या दोन ओळींमधून चालत चालत पूर्ण आवाजात अ‍ॅड-लिब मारले. मागनं आबा आले. वाटलं आता संपलं. तर आबा म्हणाले, लय झाक वरडतोस रं, पाखरं उठली की समदी!
आयुष्यातलं पहिलं कौतुक. डोळ्यात पाणी आलं. तरी मी स्पष्ट केलं की हे ओरडणं नाही, फ्लो आहे. आबा म्हणाले, मग फ्लो त्या चिंचंकडच्या कोपऱ्यात जास्ती लाव, तिकडं पोपट लय हाईत.

२६ जानेवारी
पहिलं गाणं रिलीज! शब्द माझे:
लाइट न्हाई, मोटर बंद, एय्!
तरी नानासो थंड, थंड, स्कर्र!
विश्वजीतनं शॉपीतच रेकॉर्ड केलं (मधे एक गिऱ्हाईक स्क्रीनगार्ड मागतं, ते तसंच ठेवलंय, नॅचरल वाटतं). आबांनी स्वतः बागेत खांबावर कर्णा बांधला. सकाळी सात ते दिवस मावळेपर्यंत माझं गाणं लूपवर. मला सांगा, बिग मेकनला तरी एवढा एअरटाइम आहे का?

४ फेब्रुवारी
यात्रा कमिटीचे अध्यक्ष मानसिंग तात्या स्वतः घरी आले. आबांना म्हणाले, तुमच्या पोराचा त्यो आवाज आमालाबी द्या, पोपटांनी निम्मी बाग खाल्ली. मी स्वतःच्या हातानं पेन ड्राइव्ह भरून दिला. सही करून देऊ का विचारलं. तात्या म्हणाले, कशावर?
त्यानंतर रांग लागली. आता अख्ख्या शिवारात मीच वाजतोय. एका बागेत ‘लाइट न्हाई’ संपतं तेव्हा पलीकडच्या बागेत सुरू होतं. यूट्यूबवर अजून जोर नाही, पण ग्राउंडवर क्रेझ आहे. प्रभाव म्हणतात तो हाच.

११ फेब्रुवारी
घरात जाहीर केलं: मे महिन्यात कायमचा पुण्याला. विश्वजीतच्या मावसभावाच्या ओळखीत स्टुडिओ आहे. आईनं भाकरी करपवली. आबांनी मानसिंग तात्यांना बोलावून घेतलं. मग तात्यांच्या समोर सौदा टाकला: चैताच्या यात्रंत इस्टेजवर म्हण. तीन मिन्टं माणसं जागची हलली न्हाईत, तर खुशाल पुण्याला जा, मी सोता एस्टीत बसवतो. हलली, तर पुन्ना ह्ये नाव काढायचं न्हाई, गप शेडवर यायचं.
मी हात पुढं केला. आबांनी हात मिळवला. आबा शब्दाचे पक्के आहेत, हे आपल्या फायद्याचं आहे. बॅग आजच भरून ठेवली.

२ मार्च
आज एक साळुंखी कर्ण्यावर बसली होती. कर्णा चालू असताना. मग दुसरी आली. दुपारपर्यंत खांबावर जागा राहिली नाही. एक तर ‘स्कर्र’ला बरोबर मान हलवते. फॅन!
आबा म्हणाले, पाखरं सरावली. आता पत्र्याचा डबा वाजवतात. कर्णा मात्र चालूच. काढा म्हटलं तर म्हणाले, वाजू दे, आता त्याचा तरास व्हईना झालाय. तात्यांच्या बागेतही तीच स्थिती. आईला विचारलं, गाणं कसं वाटतं. कुठलं, म्हणाली. ते काय, आत्ता वाजतंय. आईनं कान दिला आणि म्हणाली, व्हय की, वाजतंय.
म्हणजे गाणं लोकांच्या रक्तात भिनलंय. थोर कलेचं असंच होतं.

१८ मार्च
द्राक्षं उतरली. बाग रिकामी, तरी कर्णे चालू. दिवसभर शेडवर, जाळीवर माल पसरून पाठ मोडली. हाताला कार्बोनेटचा आणि त्यात मिसळायच्या तेलाचा वास. जेवतानाही तोच.
आज खरं लिहितो, इथं कोण वाचतंय. मला जायचंच आहे. इथं मी केरबा सुभेदाराचा थोरला, शेळ्या मेलेला, शेअर बुडालेला. बिग मेकन पण असाच कुठल्यातरी गल्लीतला कोणाचातरी पोरगा होता. एकदा माईक हातात घेतला आणि लोकांनी मान वर करून बघितलं. मला तेवढंच पाहिजे. एकदा मान वर करून बघितलेलं.
तीन मिनिटं माणसं नक्की थांबतील. आमच्या गावची माणसं भांडण बघायला तासभर थांबतात.

८ एप्रिल, सकाळी
आज यात्रा. प्लॅन: उशिरा एन्ट्री, गॉगल, साखळी. ‘एय्’ म्हटलं की पब्लिककडं माईक फिरवायचा. बीट आला तरी लगेच सुरू करायचं नाही. घसा उत्तम. साखळी चिंचेनं घासलीय, बिग मेकन पण घासत असणार.

९ एप्रिल
काल संध्याकाळी ऑर्केस्ट्राच्या आधी माझा नंबर होता. मैदान गच्च. आबा कडेला उभे, हातात घड्याळ. विश्वजीतनं बीट सोडला. मी मुद्दाम उशिरा आलो.
‘लाइट न्हाई, मोटर बंद, एय्!’
कोणी हललं नाही.
मनात म्हटलं, जिंकलो. पुढची ओळ. कोणी हललं नाही. मग नीट बघितलं. पहिल्या रांगेत बनुबाई काकू भेळ खात होत्या. त्यांच्या मागं दोघं ठिबकच्या नळीवर बोलत होते. मानसिंग तात्या फोनवर होते, त्यांनी दुसरा कानही झाकला नव्हता. एक म्हातारबा शांत झोपले होते. मी गॉगल काढला. पुढं आलो. साखळी वाजवली. ‘स्कर्र’ म्हणून माईक पब्लिककडं फिरवला. भेळ खायचा आवाज आला, माईकमधनं मोठा होऊन.
तीन मिनिटं झाली. मी थांबलो. खाली वाकून नमस्कार केला. तात्या फोन ठेवून स्टेजवर आले, माझ्या हातनं माईक घेतला आणि म्हणाले, कलाकार अजून यायचा हाय, तवर पब्लिकनं कळ काढावी.
मी म्हणालो, तात्या, म्हणून झालं माझं.
तात्या म्हणाले, कवा?

१० एप्रिल
वाटलं आबा हसतील. हसले नाहीत, हे लय वाईट झालं. सकाळी त्यांनी माळ्यावरनं माझी भरलेली बॅग काढली, फडक्यानं पुसली आणि ओट्यावर ठेवली. म्हणाले, माणसं हलली न्हाईत. मी सोता बगितलं. शबुद म्हंजे शबुद. कवा निघतोस?
मी बॅगेकडं बघितलं. म्हणालो, सध्या शेडवर माणूस कमी आहे. बेदाणा उचलून झाला की बघू.
आबा म्हणाले, बरं. बॅग मात्र त्यांनी लगेच आत नेली नाही. दुपारपर्यंत तिथंच होती.

१२ एप्रिल
सकाळी मीच खांबावर चढून कर्णा बंद केला. अख्खी बाग शांत. बघू म्हटलं, कोणाच्या लक्षात येतं का. आबा दोनदा खांबाखालनं गेले. तात्या येऊन चहा पिऊन गेले.
संध्याकाळी जेवायला बसलो. आई पहिला घास घेऊन थांबली. म्हणाली, आज कायतरी न्हाई गड्या. कवाधरनं वाटाय लागलंय, कायतरी कमी हाय. मी ताट खाली ठेवून ताठ बसलो. काय गं, म्हटलं, नीट आठव.
आईनं लय विचार केला. मग तिला आठवलं. आमटीत मीठ घालायचं राहिलं होतं.