सेकंदाला चाळीस लाख

३ नोव्हेंबर, सोमवार
पुण्याच्या चेस इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅम्सच्या, स्पर्धेला आमच्या लॅबमधून एकच इंजिन जाणार. माझं किंवा शार्दूलचं. चौदा तारखेला दोघांची मॅच, जिंकेल तो पुण्याला, असं लॅबप्रमुख अमिता मॅडमनी जाहीर केलं. मॅच ही औपचारिकता आहे. माझं इंजिन सेकंदाला अठरा लाख पोझिशन्स तपासतं, शार्दूलचं दीड लाख. बारापट. बारापट हा मताचा विषय नाही.
संकल्प: शार्दूलशी नम्रपणे वागणे.

५ नोव्हेंबर, बुधवार, दुपार
कशात किती वेळ जातो ते मोजणारा प्रोफाइलर लावला. जवळपास निम्मा वेळ आपला राजा सुरक्षित आहे का, हे बघण्यात जातो. ती तपासणी काढली. एकतीस लाख. ग्राफ छापून डेस्कसमोर चिकटवला.
शार्दूल चहा घेऊन आला. म्हणाला, वो तो ठीक है इरावतीजी, पण एखादा डाव खेळवून बघितला का? मी सांगितलं, डावात नशीब असतं. वेगाचा बेंचमार्क दर वेळी तोच आकडा देतो. म्हणाला, बंद घड्याळ पण देतं.
नम्रपणे हसले.

८ नोव्हेंबर, शनिवार
चांगल्या वाटणाऱ्या चाली आधी तपासायच्या, म्हणून इंजिन चालींचा क्रम लावतं. त्यात फार वेळ जातो. काढलं. आता येईल ती चाल तपासायची. छत्तीस लाख.
पूर्वी नऊ चाली पुढचं दिसायचं, आता सहा दिसतं. बहुधा डिस्प्लेमधली चूक. सवड मिळाली की बघेन.

९ नोव्हेंबर, रविवार
घरमालकीण इंदुमतीकाकूंनी विचारलं, दिवसभर काय करतेस गं? सांगितलं, सेकंदाला छत्तीस लाख. म्हणाल्या, अरे बाप रे! और जीतता है क्या? आकड्यांचं महत्त्व सर्वांनाच कळतं असं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार
चाळीस लाख! पुण्यातल्या सादरीकरणाच्या स्लाइड्स पूर्ण. डाव खेळवून बघायला वेळ उरला नाही. तशी गरजही नव्हती.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
दहा डाव. साडेनऊ–अर्धा. अर्धा माझा.
पहिल्या डावात माझा राजा अकराव्या चालीला पटाच्या मध्यावर. मॅडम म्हणाल्या, अगं, हा सराफ्याच्या खाऊगल्लीत खायला निघाला का? सगळी लॅब हसली. शार्दूल हसला नाही. ते जास्त लागलं.
चौथ्या डावात माझ्या इंजिनला फुकट मिळणारा वजीर दिसला नाही. मात्र तो न दिसताना वेग चाळीस लाखांच्या खाली एकदाही आला नाही. हे कोणी नोंदवलं नाही, म्हणून इथे नोंदवते.

१७ नोव्हेंबर, सोमवार
शार्दूलचं इंजिन पुण्याला. ठीक आहे. माझीही निवड झाली.
सिमरोल कॅम्पसच्या नव्या सर्व्हर रूममधला एसी तपासायचा आहे. त्यासाठी मशीन्स तापवावी लागतात आणि लॅबमधल्या कुठल्याच प्रोग्रॅमने ती इतकी तापत नाहीत, असं मॅडम म्हणाल्या. माझं इंजिन सकाळपासून सगळ्या मशीन्सवर चालू आहे. शेवटी वेगाची दखल घेतली गेली.
एसीवाले विष्णूजी थर्मामीटर घेऊन उभे होते. त्यांनी मला विचारलं, मॅडम, थोडा और तेज हो सकता है क्या?
हो, म्हटलं. अजूनही ते प्यादी मोजत बसतं. उद्या तेही काढते.