इंग्रजीतला मामा

जांबे, ता. मुळशी
२५ ऑक्टोबर २००९

तीर्थस्वरूप मामांस,
उत्कर्षाचा साष्टांग नमस्कार.

अक्षर ओळखून कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू द्यात. फोन केला की माझा आवाज ऐकून तुम्ही ठेवून देता, मग माणसानं करायचं काय? पत्र फार तर फाडता येतं, आणि मामी ते तुम्हाला करू देणार नाही.

इकडे सर्व ठीक. आईची तब्येत बरी आहे. दिवाळीआधीपासून ती आमच्याकडेच राहायला आली आहे. समोर कंपनीतल्या पोरांसाठी आणखी एक इमारत उठतेय, दिवसभर सिमेंटची धूळ. तुमच्या भुकूमलाही हेच चाललं असेल म्हणा.

आता मुद्द्याचं. आमच्या ऑफिसातले शरदचंद्र सर या महिन्यात निवृत्त झाले. त्यांना परदेशातल्या साहेबानं निरोपाची मेल पाठवली. तीत लिहिलं होतं, तुमचा स्वभाव फार अव्हंक्युलर आहे. शब्द कुणालाच कळेना. मनीष म्हणून आमच्यात एक वात्रट आहे, तो म्हणाला, हा मूळव्याधीसारखा काहीतरी आजार असणार. सरांचा चेहरा पडला, म्हणून मी डिक्शनरी उघडली. अर्थ निघाला, मायेनं वागणारा, काकामामासारखा.

एवढ्यावर थांबले असते तर हे पत्र लिहिलं नसतं. पण मला खोदत बसायची खोड, तुम्हाला ठाऊकच आहे. इंग्रजीत काका अंकल, मामा अंकल, मावशीचा नवरा अंकल, सगळे एकाच टोपलीत. पण शब्दाचं मूळ निघालं लॅटिन, आणि त्या लोकांचं अगदी आपल्यासारखं होतं. काकाला वेगळा शब्द, मामाला वेगळा. त्यांच्यात काका म्हणजे धाक, मामा म्हणजे माया. हा अव्हंक्युलर आला तो अव्हंक्युलसवरून, म्हणजे फक्त आईचा भाऊ. अंकलसुद्धा त्यातूनच आला. म्हणजे साऱ्या जगाचा अंकल हा मुळात मामाच की! आणि त्या शब्दाची आणखी फोड केली तर अर्थ होतो, छोटे आजोबा.

संध्याकाळी आईला पेज भरवताना हे सगळं सांगितलं, नुसती करमणूक म्हणून. तुम्ही जमिनीच्या हक्कसोडीचा कागद घेऊन आलात, तिनं सही करायची नाही म्हटलं, आणि "आजपासनं तुला म्हायेर न्हाई" म्हणून तुम्ही उंबरा उतरलात, त्याला सात वर्षं झाली. त्या दिवसापासून तिनं तुमचं नाव काढलेलं नव्हतं. माझ्या लग्नात गुरुजींनी मुलीच्या मामांना पुकारलं आणि शेजारचे चंद्रकांतकाका पुढे आले, तेव्हाही तिनं फक्त मान खाली घातली. भाऊबीजेला मात्र भाऊ नसलेल्या बायकांसारखी आकाशातल्या चंद्राला ओवाळते. यंदाही ओवाळलं, गॅलरीत खुर्चीवर बसून. चूक कुणाची, बरोबर कोण, त्यात मी पडत नाही. दोघंही एकाच बापाची, एकासारखं दुसरं हट्टी.

तर छोटे आजोबा ऐकल्यावर तिनं माझा हात बाजूला केला. म्हणाली, त्या लोकांना बरोबर कळलं होतं. आणि मग किती तरी वेळ तुमच्याबद्दलच बोलत राहिली. आजोबा गेले तेव्हा ती पहिलीत होती. आजी पहाटे भात लावायला जायची, म्हणून शाळेसाठी तिची, तुमच्या चंद्राची, वेणी तुम्ही घालायचात. वेणी वाकडी व्हायची, पोरी हसायच्या, पण ती कुणाला सोडू द्यायची नाही. हे मला माहीतच नव्हतं, मामा. मला फक्त भांडण माहीत होतं.

वर तब्येत बरी आहे असं लिहिलं ते सवयीनं. ती बरी नाही. पोटात गाठ आहे. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं. तुम्हाला कळवायचं नाही अशी तिनं मला शपथ घातलीय, ती मी आज मोडतेय. लागायचं ते पाप मला लागू दे.

मी तिला विचारलं, तुझ्या दादाला बोलावू का? तर म्हणाली,

"नगं. यील त्यो. मी गेल्याव म्हायेरचं लुगडं घिऊन यील, रीतच हाय ती. लई चांगलं आनंल बग. पन मला कुटं दिसनार हाय?"

आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. भुकूमहून इथं यायला तासभर लागतो, मामा. त्या तासाभराच्या रस्त्यावर तुम्ही दोघांनी सात वर्षं घालवलीत, आणि आम्ही बाकीचे बघत बसलो.

तुम्ही ते लुगडं आणणारच आहात, याबद्दल तिच्या मनात शंका नाही, माझ्याही नाही. मग आत्ताच आणा. जमिनीचं कुणी काढणार नाही, तुम्हीही काढू नका. नऊवारी तिला आता पेलवत नाही, हलकं, सुती बघा. रंग तुमच्या मनाचा. तिच्या हातात द्या, नेसवायला मी आहे.

तुमच्या चंद्राची लेक,
उत्कर्षा